पेशंटसमोर पाणी पिऊ नये

किस्से साठायला काय लागतं? माणसं एका जागी अडकली पाहिजेत, बस्स! आमच्या डायलिसिस सेंटरमध्ये पेशंट चार तास खुर्चीला अडकलेला असतो. हातात दोन जाड सुया, सुयांना नळ्या, नळ्या मशीनला. तो हलू शकत नाही, आणि मी टेक्निशियन, मी त्याला सोडून जाऊ शकत नाही. आठवड्यातून तीनदा, वर्षानुवर्षं. टीव्ही आहे, पण त्याच्यावर बातम्या लागतात आणि आमच्याकडे कुणाला जगाची पडलेली नाही. मग काय, बोलायचं.

चौदा वर्षं झाली मला नाशिकरोडला हे काम करून. मिस्टर म्हणतात, "तुझ्या जोकवर हसावं की रडावं तेच कळत नाही." मी म्हणते, मला तरी कुठं कळतं? मी आधी बीपी बघते!

हे सगळे किस्से एकाच बॅचचे. सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळी सात. पहिल्या खुर्चीवर मोरे काका, देवळाली कॅम्पचे, तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेले, आवाज अजून मैदानातला. दुसरीवर शांताबाई, इगतपुरीजवळच्या खेड्यातल्या, भातशेतीवाल्या. तिसरीवर गायकवाड सर, तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेले.

सरांची मुलगी प्रज्ञा त्यांना स्कूटीवरून आणायची आणि न्यायची. एकुलती एक, चोवीस वर्षांची, बी.एस्सी. होऊन एका ऑफिसात लागलेली. तिचं एकच म्हणणं होतं, माझी एक किडनी पप्पांना द्यायची. सरांच्या मिसेसना शुगर, त्यांची चालत नव्हती. आणि सरांचंही एकच म्हणणं होतं, नाही! दोन वर्षं हे चाललं होतं. सर उतरत चालले होते, बीपी टिकत नव्हतं, अंगावर मांस राहिलं नव्हतं. ते मला दिसत होतं, बॅचला दिसत होतं, आणि प्रज्ञाला तर दिसतच होतं.

* * *

आमच्या सेंटरला एक नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, पण आहे. पेशंटसमोर पाणी प्यायचं नाही.

किडनी बंद म्हणजे लघवी बंद. प्यायलेलं सगळं अंगातच राहतं. आधी पाय सुजतात, मग पाणी छातीत जातं. म्हणून ह्या लोकांना दिवसाला जेमतेम एक लिटर. त्यात चहा आला, वरण आलं, गोळ्या गिळायचा घोटसुद्धा आला. नाशिकच्या मे महिन्यात! त्यामुळे आम्ही स्टाफ सगळे स्टोअररूममध्ये जाऊन, दार लावून, चोरासारखं पाणी पितो.

एक नवीन सिस्टर आली. पहिलाच दिवस, तिला कोण सांगणार? आली ती उन्हातून. बॅगेतून गार बाटली काढली, मान वर केली आणि घटाघटा प्यायला लागली.

टीव्ही चालू होता, मशीनचे आवाज चालू होते, पण माणसांचं बोलणं बंद पडलं. मी वळून बघितलं तर सगळी बॅच तिच्या गळ्याकडे बघत होती. एक घोट, दुसरा घोट. तिच्याही लक्षात आलं. बाटली खाली घेतली, चेहरा पडला. "सॉरी," म्हणाली.

मोरे काका म्हणाले, "सॉरी काय त्यात! सिस्टर, एवढंच सांगा, थंड होतं का?"

पोरगी स्टोअररूममध्ये जाऊन रडली. मी मागून गेले. म्हटलं, "रड पोटभर. आणि ह्यापुढं पाणी पण इथंच पी."

* * *

शांताबाईंना पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न होता. "ताई, माझ्या किडनीला झालं तरी काय? मी दारू पीत नाय, तंबाखू खात नाय. ही फाटली कशी?"

मी सांगायला गेले असते तर दोन वाक्यांत उरकलं असतं. पण तिसऱ्या खुर्चीवर मास्तर बसलेले! सरांनी पुठ्ठा मागितला, पेन मागितलं आणि मोकळ्या हाताने चित्र काढत सुरू केलं.

"शांताबाई, किडनी म्हणजे चहाची गाळणी. पण एक नाही, एकेका किडनीत दहा लाख. हृदयातून रक्त जोरात येतं, गाळणीवर आदळतं. गाळणी रक्ताचे कण अडवते, प्रोटीन अडवते, बाकी सगळं खाली सोडते. पाणी, मीठ, साखर, घाण, सगळं!"

"अगं बया, साखरबी?"

"साखरसुद्धा. दिवसभरात दीडशेच्या वर लिटर."

"दीडशे!" शांताबाईंनी मनात हंडे लावले. "धा-बारा हंडे झाले की हो! एवढं कुठं माणूस लघवीला जातंय?"

सर खूश! असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी त्यांना बऱ्याच वर्षांनी भेटला असावा. म्हणाले, "बरोब्बर. कारण गाळणीखाली एक लांब, वळणावळणाची नळी असते. ती निवडत बसते. साखर कामाची, परत रक्तात. पाणी हवं तेवढं परत. मीठ हवं तेवढं परत. उरलेला कचरा आणि लिटर-दीड लिटर पाणी, ती लघवी. दिवाळीला आपण काय करतो? अख्खं घर अंगणात काढतो, मग कामाचं तेवढं पुन्हा आत नेतो. तसं."

शांताबाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी तिला रोजचीच दिवाळी? मग बरोबर हाय. दमली बिचारी!"

सगळे हसले. शांताबाई नाही हसल्या. कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तिला कधी म्हटलंच नाय, बाई, जरा बस."

जाता जाता सर म्हणाले होते, "आपली मशीन घाण काढते, जास्तीचं पाणी काढते. पण ती निवडणारी नळी तिच्यात नाही. ते निवडायचं काम आता तुमचं. काय खायचं, किती प्यायचं." शांताबाईंनी ते फार मनावर घेतलं. अर्ध्या लिटरच्या बाटलीवर नातीच्या नेलपॉलिशने रेघा मारून आणल्या. सकाळची रेघ, दुपारची रेघ, रात्रीची रेघ. चहा आणि वरणाचं वेगळं धरलेलं. मला दाखवून म्हणाल्या, "आमच्याकडं पावसात भिंतीबी पाणी पितात ताई. मीच तेवढी नाय."

* * *

आता मोरे काका! हा माणूस तोफेला घाबरला नसेल, पण तहानेपुढे पार लेचापेचा.

आमच्याकडे मशीनवर घ्यायच्या आधी वजन करतात. पेशंटचं कोरडं वजन ठरलेलं असतं, त्याच्यावर जेवढं भरेल तेवढं पाणी. तेवढा आकडा मी मशीनला देते, तेवढंच मशीन ओढते. साधा हिशोब.

एका शुक्रवारी काका काट्यावर उभे राहिले. माझ्या डोळ्यांत सरळ बघून म्हणाले, "ताई, या वेळी जरा जास्त झालं. चुकलो." मी रागावले, पण आकडा घातला. तिसऱ्या तासाला काकांच्या पोटऱ्यांत गोळे आले. ओरडले! मग ओरडायचेही बंद झाले. बीपी पार खाली, डोळे पांढरे. आम्ही पाय वर केले, सलाईन सोडलं, नवीन सिस्टर हाका मारतेय, "काका! काका!" पाच मिनिटं माझा जीव माझ्यात नव्हता.

पाय वर केले तेव्हा पँटच्या खिशातून धाडकन काहीतरी पडलं. ट्रंकेची पितळी कुलपं. एक नाही, दोन! चांगली अर्ध्या अर्ध्या किलोची.

काका शुद्धीवर आल्यावर मी कुलपं नाकासमोर धरली. "हे काय आहे?"

"ॲडव्हान्स," काका म्हणाले.

म्हणजे काय, तर रविवारी जुन्या रेजिमेंटवाल्यांचं जेवण होतं. तिथे दोस्तांसोबत पोटभर पाणी प्यायचं, म्हणून शुक्रवारीच एक किलो जादा ओढून ठेवायचं! दारू नाही हो, पाणी! मी असं झापलं त्यांना की खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. मेला असता माणूस, खिशात कुलपं घेऊन!

तिकडून सर शांतपणे म्हणाले, "ते खोटं बोलतायत हे मला काट्यावरच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?" मी त्यांच्यावरही घसरले.

"वाटलं, खिशात मोबाईल असेल. कुलूप असेल असं वाटलं नाही." मग म्हणाले, "तीस वर्षं कॉप्या पकडल्यात, ताई. खरं बोलणारं पोर इकडं-तिकडं बघत बोलतं. डोळ्याला डोळा लावून बोललं, की समजायचं, खिसे तपासा."

तेव्हापासून आमच्याकडे खिसे रिकामे करूनच काट्यावर चढायचं.

* * *

प्रज्ञाच्या किडनीवरून बॅचने सरांना धारेवर धरलं होतं. काकांचं रोजचं सुरू. "सर, फौजेचा रूल आहे. रसद दोन जागी ठेवायची, एक गेली तर दुसरी चालू. पोरीकडं दोन आहेत, एक देते म्हणतेय. लेलो ना यार!"

सर म्हणायचे, "काका, मी मास्तर. मास्तर देतो, घेत नाही."

वाक्य छानच होतं. पण एक दिवस शांताबाई भडकल्या. "मास्तर मेल्यावर काय देणार वो?"

मग सर स्वतःच हसले, आणि खोकला येईपर्यंत हसत राहिले.

त्याच दिवशी त्यांची सुई मी काढली. सुई काढल्यावर भोक दहा मिनिटं बोटाने दाबून धरावं लागतं, नाहीतर रक्ताची चिळकांडी उडते. ह्या दहा मिनिटांत पेशंट खरं बोलतो, हा माझा अनुभव. मी म्हटलं, "सर, का असं करताय? पोर तुमच्यासाठी झुरतेय."

सर हळू आवाजात म्हणाले, "माझे वडील पंचेचाळिशीत गेले. गावात म्हणायचे, लघवी अडकून गेले. थोरला भाऊ बावन्नाव्या वर्षी गेला, तोवर रोगाचं नाव कळलं होतं. किडनीत पाण्याच्या गाठी होतात, त्या वाढत जातात आणि सगळ्या गाळण्या चेपून टाकतात. आई-बापातल्या एकाला असला, की पोराला छापा-काटा. मला काटा पडला."

"आणि प्रज्ञाला?"

"किडनी द्यायची म्हटलं की पहिली तिची सोनोग्राफी करतील. ताई, जोवर केली नाही, तोवर माझी मुलगी ठणठणीत आहे."

मला असा राग आला! म्हटलं, "सर, विज्ञान शिकवलंत ना तुम्ही? झाकून ठेवल्याने रोग जातो का? लवकर कळलं तर सांभाळता येतं. कुणाला शिकवताय!"

"माहितीये हो. बीपी सांभाळायचं, मीठ कमी करायचं. आणि आमच्या रोगाची गंमत बघा. सुरुवातीला डॉक्टर सांगतात, भरपूर पाणी प्या, तहान लागायची वाट बघू नका. शेवटी सांगतात, थेंब मोजा. मला सुरुवातीला कुणी सांगितलंच नाही. मी आपला तहान मारून सात-सात तास शिकवत बसलो."

दहा मिनिटं झाली होती. मी पट्टी लावली. बाहेर प्रज्ञा स्कूटीची किल्ली हातात घेऊन उभी होती. तिनेही बी.एस्सी. केलंय, तिला हे सगळं माहीत नसेल का? आजोबा, चुलता, बाप, सगळं समोर होतं. पण दोघं बापलेक ह्या विषयावर एक अक्षर बोलत नव्हते. हट्ट करायचे फक्त.

* * *

मागच्या पावसाळ्यात इगतपुरीकडे असा पाऊस लागला की शांताबाईंच्या गावचा फरशीपूल चार दिवस पाण्याखाली. शुक्रवारचं डायलिसिस चुकलं. मी फोनवर फोन केले. "ताई, घरातून भाईर पडता येत नाय," मुलगा सांगायचा. "आई बरी हाय. झोपून हाय." सोमवारीही दुसरी खुर्ची रिकामीच.

आमच्याकडे खुर्ची रिकामी दिसली की कुणी काही विचारत नाही. काका म्हणाले, "गावाला असंल." त्या गावालाच राहायच्या, तरी म्हणाले.

गुरुवारी मुलगा आला, आईची उशी आणि ब्लँकेट न्यायला. रक्त मशीनमधून फिरून येताना थंडी वाजते, म्हणून प्रत्येकाचं ब्लँकेट आमच्याकडे असतं. मी घडी घालून दिलं. त्याने पिशवीतून ती रेघांची बाटली काढली. म्हणाला, "ही इथं कुणाच्या कामाला येत असंल तर ठेवा."

बाटलीत पाणी होतं.

तो म्हणाला, "रविवारी रात्री गेली. दम लागला लय. दारात गुडघाभर पाणी, घरात गळती, आन् तिनं शेवटच्या दिवशीबी रेघ वलांडली नाय ताई. उलट हे शिल्लक राहिलं."

बाटली मी टाकली नाही. स्टोअररूमच्या फळीवर ठेवली. आत पाणी प्यायला गेलं की ती दिसते, आणि मग माझ्याच्याने दोन घोटांच्या वर पिववत नाही.

* * *

शांताबाईंना जाऊन पंधरा दिवस झाले असतील. बुधवार होता. सर मशीनवर, दुसरा तास चालू. बाहेर बाकड्यावर प्रज्ञा बसली होती, तिने मला हाताने खुणावलं. गेले. तिच्या हातात पाकीट होतं.

"ताई, शांताबाईंचं कळल्यापासून झोप नव्हती. मी पप्पांना न विचारता सोनोग्राफी केली. म्हटलं, रिपोर्ट हातात ठेवला की नाही म्हणता येणार नाही त्यांना."

मी रिपोर्ट वाचला. दोन्ही किडन्या. दोन्हींत गाठी. बारीक आहेत, काम अजून नीट चाललंय, पण आहेत.

मी चौदा वर्षं ह्या धंद्यात आहे. तरी रिपोर्टवरचं नाव मी पुन्हा वाचलं. तीच म्हणाली, "माझी आता देता येणार नाही ना, ताई?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिने मग डोळे पुसले, पाकीट पर्समध्ये घातलं. "पप्पांना सांगणार आहे, क्लिअर आहे म्हणून. तुम्ही काही बोलायचं नाही."

"अगं, क्लिअर म्हणालीस तर ते उद्या किडनी घ्यायला तयार झाले म्हणजे?"

"इतक्यात ते घेणार नाहीत. मी ओळखते त्यांना. माझी तेवढी काळजी तरी जाईल त्यांची."

ती आत गेली. मी मागोमाग. सरांच्या खुर्चीजवळ उभी राहिली, त्यांच्या डोळ्यांत सरळ बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पप्पा, मी सोनोग्राफी केली. एकदम क्लिअर आहे."

"शाब्बास पोरी!" मोरे काका खुर्चीतून उठायलाच निघाले, मी खांदा दाबून बसवलं. "सर, अब बोलो! आता तुम्हाला नाही म्हणता यायचं नाही!"

सर तिच्याकडे बघत होते. ती त्यांच्याकडे बघत होती, पापणीसुद्धा न लवता.

"छान," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ताई, तुमची पाण्याची बाटली आणता का?"

"सर, तुमचं आजचं पाणी..."

"मला नकोय. आणा."

मी स्टोअररूममधून माझी बाटली आणली. लिटरची, भरलेली. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी पाण्याची बाटली उघड्यावर, बॅचच्या समोरून नेली. सरांनी सुया नसलेल्या हाताने ती घेतली आणि प्रज्ञापुढे धरली.

"पी."

"पप्पा, इथं? सगळ्यांसमोर?"

"इथंच. सगळं."

तिने काकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग झाकण काढलं. एक घोट घेतला, थांबली. सर नुसते बघत राहिले. ती पुन्हा प्यायला लागली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी पीत होती. मोरे काकांनी या वेळी थंड आहे का म्हणून विचारलं नाही. त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

बाटली रिकामी झाली. सरांनी ती तिच्या हातातून घेतली, उलटी करून बघितली आणि माझ्याकडे दिली.

"ताई," ते म्हणाले, "भरून आणा."